मंडळाच्या कमानीवर कुणाचं नाव चालतं? तंबाखू, दारू आणि चिठ्ठीवरची औषधं

ऐरोलीच्या एका गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. यंदा त्यांच्याकडे तीन मोठे प्रायोजक आले आहेत. पहिला म्हणजे एका नावाजलेल्या तंबाखूच्याच नावाने निघालेली वेलची. त्यांना मुख्य कमान हवी आहे. दुसरा व्हिस्कीच्या नावाचा सोडा. त्यांना विसर्जन मिरवणुकीसाठी टी-शर्ट द्यायचे आहेत. तिसरं जवळचंच एक क्लिनिक. वजन कमी करण्याच्या एका इंजेक्शनचं नाव घालून मंडपात फ्लेक्स लावायचा त्यांचा विचार आहे. कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की सोड्याची जाहिरात टीव्हीवर सर्रास दिसते, मग वेलचीला हरकत का? आणि इंजेक्शन तर औषध आहे, त्याने कुणाचं वाईट होत नाही, त्याला कोण अडवणार?

ठाणे आणि नवी मुंबईत होर्डिंग, बसवरच्या जाहिराती आणि उत्सवांची प्रायोजकत्वं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. आर्टवर्क छपाईला जाण्याआधी ती कायद्यात बसते का हे पाहणं हा त्यातला मोठा भाग. म्हणून आधी थेट उत्तर देते, कारणं मग सांगते. वेलचीची कमान घेऊ नका. सोड्याचे टी-शर्ट कागदपत्रं पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि कागदपत्रं चोख निघाली तरी माझा सल्ला 'नको' असाच राहील. क्लिनिकचं नाव मर्यादित स्वरूपात लावता येईल, इंजेक्शनचं नाव मात्र अजिबात नाही.

तुमच्या कार्यकर्त्यांचा गोंधळ कुठे होतोय ते आधी बघू. त्यांच्या डोक्यात एकच पट्टी आहे: वस्तू जितकी वाईट तितकी बंदी कडक. त्या हिशेबाने तंबाखूला सगळ्यात कडक नियम, दारूला मधले आणि औषधाला जवळजवळ मोकळीक असायला हवी. प्रत्यक्षात चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात सामान्य लोकांसमोर करणं दारूइतकंच, काही बाबतीत दारूपेक्षाही अवघड आहे. कारण कायदा या तिन्ही वस्तूंना एकाच पट्टीने मोजत नाही. तंबाखूबाबत तो म्हणतो, हिचा नवा गिऱ्हाईक तयारच होऊ नये. दारूबाबत म्हणतो, विक्री आमच्या परवान्याखाली, आमच्या नजरेसमोर राहू दे. औषधाबाबत म्हणतो, वस्तू चांगली आहे, पण ती कुणाला द्यायची हे गिऱ्हाइकाने किंवा कंपनीने नाही, डॉक्टरने ठरवायचं. उद्देशच वेगळे असल्यामुळे नियमांचे आकारही वेगळे झाले.

तंबाखूवर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापुढची सगळ्यात मोठी रक्कम तिथूनच आलेली दिसते.

आज चाळिशी ओलांडलेल्यांना भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवरचं सिगारेटच्या ब्रँडचं नाव आठवत असेल. १९९६ ची विश्वचषक स्पर्धाच 'विल्स वर्ल्ड कप' या नावाने भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत झाली. मैदानात कुणी सिगारेट ओढत नव्हतं, जाहिरातीत धूर नव्हता, तरी शाळेतल्या पोरांना ते नाव पाठ होतं. २००३ मध्ये संसदेने जो कायदा केला, ज्याला आमच्या धंद्यात सगळे 'कोटपा' म्हणतात, तो नेमका हा रस्ता बंद करण्यासाठी होता. त्याचं पाचवं कलम १ मे २००४ पासून लागू झालं. त्यात सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातीवर बंदी आहे. जमीन, इमारत, भिंत, होर्डिंग, खांब, वाहन अशी ठिकाणंही त्यात एकेक करून सांगितली आहेत. पळवाट शोधणाऱ्याला 'कमान म्हणजे होर्डिंग नव्हे' असं म्हणायलाही जागा नाही.

तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे याच कलमाचं तिसरं पोटकलम. प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्ती यांच्या बदल्यात तंबाखूच्या पदार्थाचा, किंवा त्याच्या ट्रेडमार्कचा आणि ब्रँडच्या नावाचा प्रचार कुणीही करायचा नाही आणि तसं कबूलही करायचं नाही. 'कबूलही' हा भाग लक्षात ठेवा. कमान उभी राहण्याआधी, नुसत्या करारपत्रावर सही झाली तरी मंडळ या कलमाच्या कक्षेत येऊ शकतं. इथे जाहिरात करणारा एकटा जबाबदार धरलेला नाही. पैसे घेऊन जागा देणाराही त्यात आहे.

'पण ही तर वेलची आहे' हे उत्तर तुम्हाला मिळणारच. या कायद्याखालच्या २००५ च्या नियमांत अप्रत्यक्ष जाहिरात म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलं आहे. तंबाखूच्या उत्पादनाचं नाव किंवा ब्रँड दुसऱ्या वस्तू, सेवा किंवा कार्यक्रमांच्या जाहिरातीसाठी वापरणं त्यात येतं. त्या उत्पादनाशी जोडले गेलेले ठरावीक रंग आणि मांडणी वापरणंही येतं. वेलचीची पुडी जर त्याच नावाची, त्याच रंगाची आणि त्याच अक्षरांच्या वळणाची असेल, तर आत खरोखर वेलची आहे का हा प्रश्न गौण ठरतो.

हे नियम कागदावर आले तरी बराच काळ पूर्ण अमलात नव्हते, हेही सांगायला हवं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या काही नियमांना स्थगिती दिली होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली २०१३ साली. मधल्या वर्षांत पानटपऱ्यांवर सिगारेटच्या ब्रँडचे रंगीत, आतून उजळलेले बोर्ड सगळीकडे दिसत. 'आमच्याकडे तर पूर्वी चालायचं' असं जुने लोक म्हणतात ते त्या काळाच्या आठवणीवरून. आज टपरीवरच्या बोर्डालाही मर्यादा आहे: ६० बाय ४५ सेंटीमीटरपेक्षा मोठा नाही, त्यावर आरोग्याचा इशारा, आणि ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र नाही. फक्त कुठल्या प्रकारचा तंबाखू मिळतो एवढंच. ज्या दुकानात तो माल कायदेशीर विकला जातो तिथे जर ब्रँडचं नाव लावता येत नसेल, तर पंचवीस फुटी कमानीवर ते कसं लावता येईल, हा प्रश्न तुमच्या कार्यकर्त्यांना विचारा.

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१२ पासून राज्यात गुटखा आणि पानमसाल्याच्या विक्रीवर बंदी आहे. ती वर्षावर्षाला नव्या आदेशाने पुढे चालू राहते. सिगारेट महाराष्ट्रात विकता येते पण जाहिरात करता येत नाही. गुटखा तर विकताच येत नाही. त्यामुळे वेलचीचं नाव जर गुटख्याच्या किंवा पानमसाल्याच्या नावाशी जुळत असेल, तर राज्यात विकायला मनाई असलेल्या मालाचं नाव तुम्ही गणपतीच्या दारात लावणार आहात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तोंडात ठेवायचा, चघळायचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचं दुखणं सिगारेटपेक्षा पुडीचं जास्त आहे. आणि आडून होणाऱ्या जाहिराती बघा, त्याही बहुतेक पुडीच्याच नावांच्या असतात. मला या जाहिरातींची चीड येते ती याचसाठी. पुडी स्वस्त असते, वास लपवता येतो, आणि वर्गात बसूनही ती गालात ठेवता येते. तिचं नाव ओळखीचं होणं ही तिच्या विक्रीतली अर्धी लढाई असते.

मग टीव्हीवर वेलची दिसते कशी? केबल टीव्हीच्या नियमांत तंबाखू आणि मद्य दोन्हींच्या जाहिरातींना मनाई आहे. पण २००९ मध्ये त्यात एक सवलत आली. तेच नाव असलेल्या वेगळ्या वस्तूची जाहिरात काही अटींवर दाखवता येते: दृश्यात फक्त तीच वस्तू हवी, मनाई असलेल्या मालाचा आडूनही उल्लेख नको, त्या मालाचे रंग-ढंग नकोत, वस्तू खरोखर बाजारात पुरेशी मिळते असा सनदी लेखापालाचा दाखला हवा, आणि सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. ही सवलत केबल टीव्हीपुरती आहे. ती एका खात्याच्या नियमातून आली आहे आणि कोटपा हा संसदेचा कायदा आहे. टीव्हीवरचं चित्र मोबाइलवर दाखवून कुणी कमानीला परवानगी मागत असेल, तर माझ्या मते ते उदाहरण कमानीला लागूच होत नाही.

शिक्षेबद्दलही स्पष्ट सांगते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. हजार रुपये ऐकून प्रायोजकाचा माणूस 'दंड आम्ही भरू' म्हणतो. त्याला विचारा, कैद कोण भोगणार? मंडळाच्या अर्जावर आणि करारावर सह्या अध्यक्षांच्या आणि तुमच्या असतात.

आता दारू. इथे चित्र खरंच वेगळं आहे, आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेयं हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे तंबाखूसारखा देशभर एकच जाहिरातबंदी कायदा दारूला नाही. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, गोव्यात वेगळं वातावरण आहे, आणि आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे बंद, बाकीच्या जिल्ह्यांत परमिट रूम. महाराष्ट्रात आजही मूळ कायदा १९४९ चाच आहे, पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा. त्याच्या २४ व्या कलमात मादक पदार्थांच्या जाहिराती छापायला आणि लावायला मनाई आहे. तो कायदा नवा असतानाच सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने दारूबंदीचा गाभा कायम ठेवला, पण मादक पदार्थांची नुसती वाखाणणी करण्यावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. देऊ करणं आणि घ्यायला सांगणं यावरची मनाई राहिली. म्हणजे दारूच्या जाहिरातीवरचा वाद आपल्या राज्यात राज्यघटनेइतकाच जुना आहे.

सरकार दारूतून उत्पादन शुल्क मिळवतं, परवाने देतं, दुकानांच्या वेळा ठरवतं. ज्या वस्तूचा व्यापार सरकार स्वतःच्या हाताने चालवू देतं, तिच्या जाहिरातीवरचे नियम तुकड्यातुकड्यांनी तयार होतात: टीव्हीला एक, छापील माध्यमाला दुसरा, राज्याच्या हद्दीत तिसरा. त्या तुकड्यांच्या सांध्यांमधून सोडा, पाणी आणि संगीताचे कार्यक्रम आत शिरतात.

हे सांधे अलीकडे बरेच बुजवले गेले आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सरोगेट जाहिरात, म्हणजे एका वस्तूच्या आडून दुसरीची जाहिरात, यावर मनाई आहे, आणि ती कुठल्याही माध्यमाला लागू आहे, टी-शर्टलाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण त्याच तत्त्वांत असंही म्हटलं आहे की निव्वळ नाव सारखं आहे एवढ्यावरून जाहिरात सरोगेट ठरत नाही, बाकी आक्षेपार्ह काही नसेल तर. म्हणून मी 'कागदपत्रं पाहा' म्हणाले. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, ब्रँडविस्तार, म्हणजे तेच नाव दुसऱ्या वस्तूला देणं, खरा आहे की देखावा हे ठरवायला आकडे वापरते. वस्तू दोन वर्षांपेक्षा जास्त बाजारात असेल तर देशभरात वर्षाला पाच कोटींपेक्षा जास्त विक्री, किंवा ज्या राज्यात ती पोचली आहे तिथे एक कोटीपेक्षा जास्त. शिवाय जाहिरातीचा खर्च विक्रीच्या मानाने किती असावा यालाही मर्यादा आहे. खरा सोडा विकणारी कंपनी हे कागद एका ईमेलमध्ये पाठवते. 'हेड ऑफिसला विचारतो' म्हणून माणूस गायब झाला की समजून जा.

कागद आले तरी नको का म्हणते? तुमचा प्रायोजक टी-शर्ट विसर्जनासाठी देतोय. अनंत चतुर्दशीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दारूची दुकानं बंद असतात. त्याच दिवशी मिरवणुकीतल्या पोरांच्या छातीवर व्हिस्कीचं नाव. आपल्या राज्यात कडक दारूचा परवाना पंचविशीच्या आधी मिळत नाही, आणि तुमच्या ढोल पथकात कॉलेजची मुलंमुली असणारच. कायद्याने कदाचित सुटाल, पण पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि ते देताना तुम्ही अवघडाल. मी स्वतः अशा नावांची उत्सवातली कामं घेत नाही. क्रिकेटचा सामना किंवा प्रौढांसाठीचा तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर मी कागद पाहून विचार करते. रस्त्यावरच्या मिरवणुकीत बघणारा कोण हे आपल्या हातात नसतं.

वेलची किंवा सोडा, दोन्हींसाठी मी एक साधी तपासणी करते. आर्टवर्कवरचं 'वेलची' किंवा 'सोडा' एवढंच हाताने झाकायचं आणि ऑफिसमधल्या कुणालाही विचारायचं, ही कशाची जाहिरात आहे? उत्तर तंबाखू किंवा दारू आलं की ते काम परत जातं. कायद्याच्या भाषेत ही कसोटी कुठे लिहिलेली नाही, पण अधिकारी आणि तक्रारदार दोघेही शेवटी नजरेने हीच तपासणी करतात.

क्लिनिककडे वळते, कारण तिथला धोका तुमच्या मंडळात कुणाच्याच लक्षात आलेला दिसत नाही.

औषधांचेही प्रकार आहेत. डोकेदुखीची साधी गोळी, ॲसिडिटीचं औषध, बाम, यांच्या जाहिराती तुम्ही रोज बघता आणि त्या चालतात. चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांचं तसं नाही. औषध नियमांत शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स अशा याद्या आहेत. त्यांतल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात आरएक्स अशी खूण आणि 'नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे' या अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसला की ते औषध या गटातलं. वजन कमी करण्याची जी नवी इंजेक्शनं सध्या गाजत आहेत ती याच गटात येतात.

शिवाय १९५४ चा औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याला एक यादी जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा रोगांबरोबर लठ्ठपणाही त्यात आहे. या रोगांवर अमुक औषध गुणकारी आहे अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुणीही कुठलाही भाग घ्यायचा नाही, अशी त्याची रचना आहे. छापणारा, लावणारा, जागा देणारा, सगळे त्यात येतात. 'अमुक इंजेक्शनने तीन महिन्यांत वजन घटवा' असा फ्लेक्स मंडपात लागला तर क्लिनिकबरोबर मंडळही अडकतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

चांगल्या वस्तूला एवढं बांधून का ठेवलं, याचं उत्तर मी असं देते. साबण घेताना पसंत करणारा, पैसे देणारा आणि वापरणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. चिठ्ठीवरच्या औषधात लिहितो डॉक्टर, पैसे देतो मुलगा किंवा विमा, आणि शरीर असतं आईचं. जाहिरात थेट आईपर्यंत पोचली की ती डॉक्टरकडे तपासून घ्यायला जात नाही, नाव घेऊन मागायला जाते. डॉक्टर नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जाते. इंजेक्शन कुणाला चालतं, कुणाला नाही, आधी कुठल्या तपासण्या हव्यात, हे फ्लेक्सवर मावत नाही. जगात फक्त अमेरिका आणि न्यूझीलंड हे दोन देश चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात थेट लोकांसमोर करू देतात. अमेरिकन टीव्हीवर त्या जाहिरातींच्या शेवटी दुष्परिणामांची लांबलचक यादी भराभर वाचली जाते. त्याच देशात टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटची जाहिरात मात्र १९७१ पासून बंद आहे. एकाच देशाने दोन वस्तूंबाबत अगदी उलट निर्णय घेतले, म्हणजे यात निसर्गनियम कुठलाच नाही; प्रत्येक समाज आपल्याला कशाची भीती आहे ते बघून ठरवतो.

आपल्याकडे औषध कंपनीला बोलायला बंदी नाही, फक्त श्रोता ठरवून दिला आहे. ती डॉक्टरांच्या नियतकालिकांत जाहिरात करते, तिचे एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटणारे प्रतिनिधी, दवाखान्यात जातात. तिथेही मार्च २०२४ पासून केंद्राची आचारसंहिता आहे. डॉक्टरांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, आणि मोफत नमुन्यांचं मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको.

कुणीतरी तरुण कार्यकर्ता म्हणेल, 'वस्तू विकणं कायदेशीर आहे तर जाहिरातीवर बंदी घटनेत बसते का?' प्रश्न रास्त आहे. १९५४ च्या कायद्यावर हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये म्हटलं की अशा औषधांची जाहिरात म्हणजे विचारांचं स्वातंत्र्य नव्हे, तो व्यापार आहे. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या यलो पेजेसच्या खटल्यात न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं, कारण गिऱ्हाइकाला माहिती मिळण्याचा हक्क आहे. पण फसवी, दिशाभूल करणारी जाहिरात रोखायची मुभा सरकारला राहिली. मला हा तोल योग्य वाटतो. वेलचीच्या कमानीवरून कुणालाही वेलचीबद्दल काहीच माहिती मिळत नाही; भाव नाही, दर्जा नाही, कुठली वेलची तेही नाही. मिळतं फक्त नाव. माहितीचा हक्क तिथे पुढे करता येत नाही.

मग क्लिनिकचं काय लावता येईल? डॉक्टरांना स्वतःच्या जागेवर 'येथे अमुक आजारावर उपचार होतात' असा फलक लावायची मुभा १९५४ च्या कायद्यातच आहे. पण ती त्यांच्या जागेपुरती आहे, तुमचा मंडप त्यांची जागा नव्हे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणं गैर मानलं आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला अशी साधी निवेदनं चालतात. म्हणून आभाराच्या पाटीवर क्लिनिकचं नाव आणि पत्ता, एवढंच. औषधाचं नाव नको, आधीचा-नंतरचा फोटो नको, 'खात्रीशीर' नको. त्यांना खरंच काही करायचं असेल तर एका सकाळी रक्तदाब आणि साखर तपासणीचं शिबिर घेऊ द्या, तेही औषधाचे नमुने न वाटता.

इथपर्यंतचं कुठे कुठे बदलू शकतं तेही सांगते. वेलचीचं नाव तंबाखूच्या नावाशी नुसतं थोडं मिळतंजुळतं आहे की तेच आहे, यावर बरंच ठरतं. कंपनी एकच पण नाव, रंग आणि चिन्ह पूर्ण वेगळं असेल तर बाब वेगळी होते. जागा महापालिकेची आहे, सिडकोची आहे की सोसायटीची, यावर परवानगीच्या अटी बदलतात. मंडपाच्या परवानगीपत्रात जाहिरातींबद्दल स्वतंत्र अटी असतात, त्या ओळ न ओळ वाचा; कमानीसाठी वेगळी परवानगी आणि शुल्क लागतं का हे विभाग कार्यालयात विचारून घ्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जणांचा जीव गेला, तेव्हापासून आपल्या भागात मोठ्या ढाच्यांकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं, आणि ते व्हायलाच हवं. शेजारी शाळा असेल तर वेलचीचा विषय तिथेच संपवा: शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायलाच मनाई आहे.

करारपत्रात तीन ओळी जरूर घाला. पहिली, अंतिम आर्टवर्क मंडळाने लेखी मान्य केल्याशिवाय काहीही लावलं जाणार नाही. दुसरी, जाहिरातीतली वस्तू किंवा तिचं नाव तंबाखू, मद्य किंवा चिठ्ठीवरचं औषध यांच्याशी जोडलेलं नाही अशी प्रायोजकाची हमी. तिसरी, आक्षेप आल्यास मंडळ फलक लगेच उतरवू शकेल आणि रक्कम परत मागितली जाणार नाही. ही दुसरी ओळ वाचली की वेलचीवाला स्वतःच मागे हटण्याची शक्यता मोठी आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, जो खरा आहे. एवढी रक्कम सोडा म्हणणं मला सोपं, तुम्हाला नाही. अशा वेळी मी कमान एकाला न देता तिचे भाग पाडते. दोन खांब, वरची पट्टी, आतल्या बाजूचा फलक, असे चार-पाच छोटे प्रायोजक. सहकारी बँक, सराफ, क्लासेस, मिठाईवाला, फर्निचरचं दुकान. ऐरोली-घणसोली पट्ट्यात असे धंदे भरपूर आहेत आणि मोठ्या कमानीचा दर ऐकून ते विचारायलाच येत नाहीत. फेऱ्या वाढतात, पावत्या जास्त फाडाव्या लागतात. पण पुढच्या वर्षी एकाने पाठ फिरवली तरी कमान अडत नाही.

मंडपातली एखादी जागा रिकामी राहिली, तर तिथे तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा टोल फ्री नंबर लावा: १८००-११-२३५६. त्याला कुणाची परवानगी आड येत नाही. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या काही गोळ्या चिठ्ठीवरच्या आहेत, त्यांची जाहिरात कुणीच तुमच्याकडे घेऊन येणार नाही. हा नंबर मात्र रांगेत उभ्या असलेल्या माणसाला योग्य जागी पोचवू शकतो.

वेलचीच्या आणि सोड्याच्या आर्टवर्कवर नाव, रंग आणि चिन्ह नेमकं कसं आहे ते इथेच शब्दांत लिहा, ब्रँडचं नाव न घेता लिहिलंत तरी चालेल. मंडपाच्या अर्जाची तारीख जवळ असेल तर अर्जात प्रायोजक म्हणून सध्या कुणाचंच नाव घालू नका.